बंद पाकिटातलं प्लॅटिनम

माझ्या मावशीला तिच्या कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. फाटकावरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला मूसबाई म्हणत. मूस म्हणजे भट्टीत ठेवायची छोटी वाटी. कारखाना काचेचा होता. काचेसाठी आलेली वाळू कशी आहे हे पाहायला प्रयोगशाळेत रोज तिची चिमूट अशा मुशीत घालून वितळवत. या मुशी प्लॅटिनमच्या होत्या. एकूण बारा, प्रत्येकीच्या बुडावर आकडा कोरलेला. सकाळी कुलूप उघडून त्या बाहेर काढायच्या, दिवसभर वापरायच्या, संध्याकाळी आम्लात उकळून, धुऊन, कोरड्या करून एकेकीचं वजन करायचं आणि पुन्हा कुलपात ठेवायच्या. हे काम मावशीने एकतीस वर्षं केलं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून सात नंबरची मूस गेली. कुणीतरी बाहेरची माती तपासायला आणून दिली, तिने न विचारता भट्टीत घातली. मातीत शिसं होतं. शिसं लागलं की प्लॅटिनम तापल्यावर सडतं. मूस बाहेर आली ती बुडाला भोक पडूनच. मावशी रडत मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मूस उजेडात धरली आणि म्हणाल्या, "याला काही होत नाही असं सगळे सांगतात ना? होतं बरं का. आता हे तुला जन्मात कुणी शिकवायला नको."

तेव्हापासून आकड्याच्या बाबतीत मावशी फार कडक झाली. काट्यावर दिसेल तेच बोलायचं, तेच लिहायचं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. माझ्या आईने एकदा हौसेने विचारलं, "काय गं, बारीक झाले ना मी?" मावशी म्हणाली, "नाही. दोन किलोने वाढलीस." आई आठवडाभर बोलली नाही. मावशीला कळलंच नाही का ते.

मावशीचे यजमान, आमचे काका, शिंपी होते. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्या घड्याळाची काच फुटली म्हणून मावशी बसस्थानकामागच्या बोळातल्या एका दुकानात गेली. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने श्वास रोखावा. मालक घड्याळाच्या काचा बसवायचा आणि जुनी नाणी, तिकिटं विकायचा. काच बसेपर्यंत मावशीने समोरचं ताट चाळलं. ताटात देशोदेशीची चांदीची नाणी एकत्र पडली होती. त्यातलं एक तिने उचललं. कोटाच्या बटणाएवढं, पांढुरकं. एका बाजूला तीन छपरांचं गोल देऊळ, दुसऱ्या बाजूला बांबू खात बसलेला पांडा. चिनी नाणं. तिने ते तळहातावर ठेवलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"हे इथे कसं?" तिने विचारलं.

"का? चांदीचं आहे, चांदीत ठेवलंय," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"चांदी नाही ही. एवढी चांदी याच्या निम्मी भरेल. हे प्लॅटिनम आहे."

दुकानदाराने डोळ्याची भिंगनळी तशीच नाण्याकडे वळवली. कडेला, मळाखाली, बारीक अक्षरांत धातूची खूण होती. त्याने ती वाचली आणि खुर्चीत मागे टेकला.

"बाई, गप्प राहून चांदीच्या भावात घेऊन गेला असतात, तर मला कुठे पत्ता लागणार होता?"

"बोलायचं मनात नव्हतंच हो," मावशी म्हणाली. "तोंडातून निघून गेलं."

हे तिने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना अजूनही थोडी हळहळत होती.

पण नाणं तिला हवं होतं. बारा मुशी रोज हाताळायच्या आणि संध्याकाळी मोजून परत करायच्या. त्यातली एकही तिची नव्हती. हे एवढंसं का होईना, आपलं असावं असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने हातातली एक बांगडी उतरवली, शेजारच्या सोनाराकडे मोडली आणि नाणं घरी आणलं.

घरात जो काही गदारोळ झाला तो विचारू नका. मावशीच्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी नाणं पदरावर घेऊन उलटसुलट पाहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "आमच्या सूनबाईंनी सोन्याची बांगडी देऊन अस्वल आणलंय." काका मात्र हसले. म्हणाले, "दुसऱ्यांच्या बायका सोन्यासाठी रुसतात. माझी सोन्यावरच रुसलीय. माझा फायदाच आहे."

त्यांचा फायदा काही झाला नाही. पुढच्या वीस वर्षांत मावशीने तशी एकोणीस नाणी जमवली. चीनच्या टांकसाळीने काही वर्षं सोन्याचांदीबरोबर प्लॅटिनमचेही पांडे पाडले होते. संख्या थोडी, आणि त्यातली बरीचशी परदेशांत विखुरलेली. चित्र वर्षावर्षाला बदलायचं. कधी पांडा पाण्यावर वाकलेला, कधी फांदीवर लोळलेला, कधी पिल्लाला पोटाशी धरून बसलेला. मावशी औंसाच्या दहाव्या भागाची, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपासची छोटीच नाणी घ्यायची. मोठी परवडण्यातली नव्हती. मी एकदा विचारलं, "चीनचीच का गं? बाकीचे देशही काढतात की प्लॅटिनमची."

"बाकीच्यांवर राजे, राण्या, पुढारी असतात," ती म्हणाली. "ते सगळे कसे, नाक वर करून. हा बघ. याला कुणाचं काही पडलेलं नाही. बसलाय, खातोय."

नाणी ती काकांच्या बटणांच्या डब्यात ठेवायची. एकदा घरात चोर शिरला. त्याने इस्त्री नेली, रेडिओ नेला, काकांची चांगली कात्री नेली. बटणांचा डबा उघडून पाहिला आणि जमिनीवर उपडा केला. नाणी बटणांत मिसळून पलंगाखाली गेली. मावशीने गुडघ्यांवर बसून एकोणीसच्या एकोणीस वेचली आणि मग फौजदाराला सांगायला गेली. काका कात्रीसाठी महिनाभर हळहळत होते.

मास्तर तिच्या आयुष्यात आले ते पत्रातून. दुसऱ्या गावातले निवृत्त मुख्याध्यापक, बायको नसलेले, एका लेकीबरोबर राहणारे. तेही हीच नाणी जमवायचे. नाणेवाल्या दुकानदाराने दोघांना एकमेकांचा पत्ता दिला आणि अकरा वर्षं पत्रव्यवहार चालला. दोघं कधी भेटले नाहीत. मास्तरांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. मजकूर सगळा पांड्यांचा. अमुक वर्षीच्या पांड्याचा कान जरा चपटा का, तमुक वर्षीच्या देवळाच्या पायऱ्या किती. मावशी उत्तरात चित्राबद्दल फार लिहीत नसे. ती लिहायची की नाणं हातात घेतल्यावर कसं वाटतं. थंड असतं, लवकर ऊब धरतं, आकाराच्या मानाने इतकं जड की हाताला दरवेळी नवल वाटतं. मास्तर यावर काही लिहीत नसत, कारण त्यांची नाणी त्यांनी कधी हातात घेतलीच नव्हती. टांकसाळीतून ज्या बंद प्लॅस्टिकच्या पाकिटात ती निघतात, त्याच पाकिटात ती वहीच्या पानांवर अडकवलेली. या छंदाचा हा मोठा नियम आहे. पाकीट कापलं की नाण्याची पत उतरते.

दोघांच्याही वर्षवार रांगेत तेच एका वर्षाचं नाणं तेवढं कमी होतं. त्या वर्षीचं कुणाकडेच सहसा मिळत नसे. मग एक दिवस मास्तरांचं पत्र आलं. पहिल्यांदाच त्यात खाडाखोड होती. ते नाणं त्यांना मिळालं होतं, टपालाने, कुण्या अनोळखी विक्रेत्याकडून. "बाई, रांग पुरी झाली," त्यांनी लिहिलं होतं. "आता डोळे मिटले तरी चालतील." मावशीला आनंद झाला आणि तिच्या पोटातही दुखलं. दोन्ही तिने मला सांगितलं.

डोळ्यांचं ते लिहिणं मात्र खरं निघालं. पुढच्या पत्रांत ओळी एकमेकींवर चढू लागल्या. मग पत्रं लेकीच्या हातची येऊ लागली. दीड वर्षाने त्यांनी कळवलं की उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसत नाही, नाणी लेकीच्या नावे करायची आहेत, तर मूसबाईंनी येऊन एकदा सगळी तोलून, यादी करून द्यावी. "दुसऱ्या कुणाचा आकडा मला चालणार नाही," असं शेवटी होतं.

मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होते. कारखान्याने जुनं सामान विकायला काढलं तेव्हा मावशीने आपला छोटा काटा विकत घेतला होता. तो आम्ही उशीत गुंडाळून, मांडीवर घेऊन नेला. गाडीत शेजारच्या माणसाने विचारलं, "बाळ झोपलंय का?" मावशी म्हणाली, "हो, हलवू नका."

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं, भिंतीला पुस्तकं, खिडकीशी एक टेबल. मास्तर उंच, वाळलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली. आवाजाच्या दिशेने त्यांनी हात जोडले. "या मूसबाई. मी तुम्हाला ठेंगणी समजत होतो, पण तुमचा आवाज वरून येतोय."

"काट्यासाठी स्टुलावर चढलेय," मावशी म्हणाली. ती काटा ठेवायला खिडकीचा कठडा सपाट आहे का ते पाहत होती.

मास्तर इतके हसले की आतून लेक डोकावून गेली. लेक पन्नाशीची, एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करणारी. त्या दिवशी तिने मुद्दाम रजा घेतली होती.

काम सुरू झालं. पाकीट कापायचं नाही, ही मास्तरांची अट. मावशी म्हणाली हरकत नाही, सगळी पाकिटं सारखीच असतात, पाकिटासकट तोलू. काही वेगळं असलं तर लगेच दिसेल. मी लिहायला बसले. मास्तर वर्ष सांगायचे आणि चित्रही सांगायचे, तोंडपाठ. मावशी पाकीट काट्यावर ठेवायची, काटा स्थिर झाला की आकडा बोलायची. तीन पॉइंट सहा आणि वर थोडं. पुन्हा तीन पॉइंट सहा. दर आकड्याला मास्तर टेबलावर बोटाने हलकेच ठोकायचे, जसं वर्गात हजेरी घेताना करत असतील.

असं करत आम्ही त्या शेवटच्या नाण्याशी आलो. मास्तर सरसावून बसले. "आता बघा," ते म्हणाले, "हा आमचा हुकमाचा एक्का."

मावशीने पाकीट काट्यावर ठेवलं. मी समोरच होते, मला आकडा दिसला. दोनालासुद्धा पोचला नव्हता. मावशीने पाकीट उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. तोच आकडा. आकार बाकीच्यांएवढा आणि वजन निम्मं. आत प्लॅटिनम नव्हतं, चांदी होती, किंवा आणखी काही हलकं, वरून मुलामा दिलेलं.

"काय झालं? स्थिर होत नाही का?" मास्तरांनी विचारलं. चेहरा आमच्याकडे, ओठांवर हसू आधीच येऊन थांबलेलं.

"झाला," मावशी म्हणाली. "तीन पॉइंट सहा. आणि वर थोडं."

मास्तरांनी टेबलावर दोनदा ठोकलं. माझं पेन कागदावर थांबलं ते थांबलंच. ती जागा मी कोरी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा मावशी माझ्यासमोर खोटं बोलली होती, आणि तेही आकडा.

लेकीने जेवायला बोलावलं. मावशी हात धुवायला मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. मी बघायला गेले तर नळ नुसता वाहत होता.

"बरं केलंस," मी हळूच म्हणाले. "काय अडलं होतं त्यांचं मन मोडायचं?"

"गप गं," ती म्हणाली. मग नळ बंद केला. "उद्या ही पोरगी ते विकायला नेईल. घेणारा काटा लावेल आणि हिला चोर म्हणेल. सही माझी असेल तो भाग वेगळाच."

"मग लेकीला बाजूला घेऊन सांग. त्यांना कशाला?"

"त्यांना गोड शब्द हवा असता तर त्यांनी कुणालाही बोलावलं असतं. आपल्या लेकीलाच विचारलं असतं. मला का बोलावलं?" तिने पदराला हात पुसले. "आणि मी येऊन काय केलं?"

जेवणात तिने दोन घास खाल्ले. मग उठून मास्तरांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"मास्तर, मघाचा शेवटचा आकडा मी खोटा सांगितला. ते नाणं खोटं आहे. निम्मंसुद्धा भरत नाही."

लेक स्वयंपाकघराच्या दारात हातात ताटं घेऊन उभी राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मघाशी का नाही सांगितलंत?" मास्तरांनी विचारलं.

"धीर झाला नाही."

"मग आता कुठून आला?"

"आला नाहीये. तशीच सांगतेय."

मास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले, "आणि बाकीची?"

"बाकीची सगळी खरी आहेत."

"हे खरं सांगताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

ते मावशीला फार लागलं. मला आजही तो तिचा चेहरा दिसतो. एकतीस वर्षं तिने सांगितलेला आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासला नव्हता. आणि एका खोट्या आकड्याने बाकीचे सगळेच खरे आकडे संशयात आले होते. मी म्हणाले, "मास्तर, मीपण पाहिलेत आकडे, मी सांगते." ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तू त्यांची भाची."

लेक पुढे आली. तिचा आवाज चढला होता. "दोन शब्द गोड बोलून गेला होतात ना, तेवढ्यावर थांबायचं होतं. काय मिळालं तुम्हाला?"

"तू थांब," मास्तर तिला म्हणाले. मग मावशीकडे वळले. "बाई, कात्री आहे का?"

"कशाला?"

"पाकिटं कापा. मला हातात द्या. मी स्वतः बघतो."

"मास्तर, कापलं की उतरली पत. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"कापा," ते म्हणाले. शाळेत याच आवाजात ते बोलत असणार, कारण मावशीने निमूट कात्री घेतली.

तिने पहिल्या वर्षाचं पाकीट कडेने कापलं आणि नाणं त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवलं. मग ते खोटं नाणं कापून डाव्या तळव्यावर. मास्तरांनी दोन्ही हात थोडे वर-खाली केले. मग मावशीने नाण्यांची अदलाबदल करून ती पुन्हा दिली, त्यांनी पुन्हा तसंच केलं. खोटं नाणं त्यांनी टेबलावर ठेवून दिलं आणि डावी मूठ मिटली.

"अगं," ते लेकीला म्हणाले, "हे जड आहे!"

"असणारच, बाबा."

"नाही गं, जड आहे. एवढंसं आहे आणि केवढं जड. इकडे ये, हात कर. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"दर पत्रात लिहिलं होतं मी," मावशी म्हणाली. "अकरा वर्षं."

"लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, बायामाणसांचं कौतुक."

मग त्यांनी एकेक करून सगळी कापायला लावली. खरंखोटं तपासायला सुरुवात केली होती, पण तिसऱ्या-चौथ्या नाण्यानंतर ते तपासायचं विसरूनच गेले. बोटाच्या टोकाने चित्र चाचपायचे. मावशी म्हणायची, "घासू नका, नुसतं टेकवा." ते टेकवायचे. "हा फांदीवरचा. पाय खाली सुटलेत." एकदा चुकले, पिल्लाला बांबूचा बुंधा म्हणाले, आणि मावशीने सांगितल्यावर पुन्हा चाचपून स्वतःवरच हसले. लेक आधी कपाळाला हात लावून बसली होती. कापलेल्या पाकिटांचा ढीग बघून तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं. तिने घराच्या दुरुस्तीचे बेत केले असतील, आणखी काही. पण मास्तरांनी तिच्याही हातावर एक ठेवलं, आणि तिनेही हात थोडा वर-खाली करून पाहिला.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो. यादी मी नवीन लिहिली होती. शेवटच्या ओळीत मावशीने स्वतःच्या हाताने खरा आकडा घातला होता. मास्तरांनी तिच्याशी धड निरोपाचं बोलणं केलं नाही. पोचवायला दारापर्यंत आले, "सांभाळून जा," एवढंच म्हणाले. गाडीत मावशी काटा मांडीवर घेऊन बसली होती.

"त्यांचा माझ्यावर विश्वास राहिला नाही," ती एकदाच म्हणाली.

मी नाही म्हणू शकले असते. पण तिच्याशी तसं बोलायची त्या दिवशी मला लाज वाटली.

चार महिने पत्र आलं नाही. मावशीने दोन पाठवली, उत्तर नाही. तिने स्वतःच्या नाण्यांचा डबासुद्धा उघडला नाही. काका म्हणायचे, "तुझे पांडे उपाशी मरतील," ती हसायची नाही. मग एक पाकीट आलं, लेकीच्या अक्षरातलं. मास्तरांनी सांगून लिहवलेलं. पहिलं वाक्य असं होतं: "बाई, तुमच्यावर मी रागावलो होतो, आणि तुम्ही पहिल्याच फेरीला खरं सांगितलं असतंत तरीही रागावलो असतो, फक्त थोडा कमी." पुढे तीन पानं पांड्यांचीच होती. सकाळच्या चहानंतर ते रोज एक नाणं हातात घेत. अमुक वर्षीचं नाणं हाताला गुळगुळीत लागतं, तमुक वर्षीच्या देवळाचं छप्पर बोचतं. लेकीने खाली स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: "रोज मला ओळखायला लावतात, मला एकही येत नाही."

मावशीने ते पत्र काकांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा काका म्हणाले, "ऐकलं की मी." तरी ती वाचत राहिली.

मास्तर त्यानंतर अडीच वर्षं होते. मावशी तीनदा जाऊन आली. ते गेल्यावर वर्षभराने लेक नाणी घेऊन मावशीच्या दारात आली. एवढ्या लांबून, गाडी बदलून.

"विकायची आहेत," ती म्हणाली. "घर गळतंय. तिकडे दोघांनी बघितली. एकाने सांगितलं सगळी खरी, शेवटचंही खरं. म्हणून मी उठले आणि तुमच्याकडे आले."

मावशीने तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला एकदा खोटा आकडा दिला होता."

"माहीत आहे ना," लेक म्हणाली. "आणि परत घेतलात. माझ्यासमोरच."

मावशी तिला घेऊन बोळातल्या नाणेवाल्याकडे गेली. तो आता म्हातारा झाला होता, काचा बसवायचं काम त्याने सोडलं होतं. त्याने नाणी मखमलीवर मांडली आणि तो चुकचुकला. उघडी नाणी, बोटांचे ठसे. "पाकिटात असती तर गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "निदान पुसून तरी आणायची."

"नाणं पुसायचं नसतं हे तुम्हीच मला शिकवलंत," मावशी म्हणाली. "आणि यादीत कारण लिहिलंय, ते घेणाऱ्याला दाखवा."

यादी मी छापखान्यात टंकून घेतली होती. प्रत्येक नाण्यासमोर वर्ष, वजन, आणि शेवटच्या रकान्यात मावशीने सांगितलेली ओळ: पाकीट उघडलेले; मालकाने हातात घेऊन पाहिले आहे. मी म्हटलं होतं की रकान्यात इतकं कुणी लिहीत नाही, नुसतं 'उघडे' पुरे. ती म्हणाली, नुसतं 'उघडे' म्हटलं तर कुणीतरी निष्काळजीपणा केला असं वाटतं.

नाणी तीन जणांनी घेतली. भाव पाकिटबंद नाण्यांपेक्षा कमी आला, पण घराचं छप्पर होण्याएवढा आला. लेकीने एक नाणं ठेवून घेतलं, फांदीवर लोळणाऱ्या पांड्याचं. तेवढं एक तिला डोळे मिटून ओळखता येऊ लागलं होतं.

मावशी आता पंचाहत्तरीकडे आली आहे. तिच्या रांगेतलं ते एका वर्षाचं नाणं अजून मिळालेलं नाही, आणि ती त्यासाठी फार धडपडतही नाही. दर गुरुवारी दुपारी ती काटा घेऊन नाणेवाल्याच्या दुकानात बसते. लोक घरातली नाणी, अंगठ्या, कुणी काय तपासायला आणतात. मागच्या गुरुवारी मी तिला आणायला गेले होते. एक बाई आईची म्हणून जपलेली साखळी घेऊन आल्या होत्या. मावशीने साखळी काट्यावर ठेवली, आकडा पाहिला. दुकानात मालकाच्या खुर्चीशिवाय बसायला एकच स्टूल, त्यावर ती स्वतः होती. ती उठली, स्टूल त्या बाईंकडे सरकवलं आणि म्हणाली, "आधी बसा. पाणी घेणार का?"

बाई बसल्या. मग मावशीने त्यांना आकडा सांगितला.